वाटेचा शीण आणि हातातली पुडी



वाटूर फाटा तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता इथून जातो. परतूरची वाटही इथेच फुटते. फाटा म्हटला की चहाची हॉटेले आली, पंक्चरची दुकाने आली आणि वाटेत थांबलेल्या गाड्या आल्या.

वैशाखाचे दिवस होते. मी एसटीची वाट पाहत झाडाखाली बसलो होतो. सकाळचे अकरा वाजून गेले होते. एक पिकअप गाडी आली आणि भर उन्हात उभी राहिली. गाडीत डुकरे होती. दहा मोठी जनावरे. एकाला लागून एक, पाय ठेवायलाही जागा नाही. वरून आणि चारी बाजूंनी ताडपत्री आवळून बांधलेली. चालक आणि मालक चहाला उतरले. चहा झाला. भजी झाली. फोनवर बोलणे झाले. पाऊण तास गेला.

तेवढ्यात गाडीतून ओरडण्याचा आवाज आला. दोघे धावले, ताडपत्री सोडली. दोन जनावरे तोंड उघडून धापा टाकत होती. त्यांच्या अंगावर तांबडे-निळे चट्टे उठले होते. कोणीतरी थंडपेयाच्या पेटीतले बर्फाचे पाणी बादलीभर आणले आणि एका जनावराच्या अंगावर एकदम ओतले. ते जनावर थरथरले, आडवे झाले आणि पुन्हा उठले नाही.

मालकाने माझ्याकडे पाहिले. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. चौथीतच त्याची शाळा सुटली होती.

"गुर्जी, काय चुकलं वो माझं?" तो म्हणाला. "रातीच पोटभर खाऊ घातलं. काट्यावर वजन भरावं म्हणून. अन् ही पुडीबी चारली, चारशे रुपायची. दुकानदार म्हणला, ही चारली की जनावर गाडीत गार राहतं. आता बायकोच्या गटाचं कर्ज कसं फेडू?"

त्याने खिशातून रिकामी पुडी काढली. मी चष्मा लावून वाचली. मागे बारीक अक्षरांत लिहिले होते : प्रवासाच्या तीन दिवस आधीपासून, रोज, पिण्याच्या पाण्यातून द्यावी. त्याने सगळी पुडी एकाच वेळी, निघताना, कोरड्या कोंड्यात कालवून दिली होती. त्याला ती अक्षरे वाचता आली नव्हती.

त्या दिवशी मी एसटी सोडली आणि त्याच्याबरोबर बसून राहिलो. मी मॅट्रिक झालेला मास्तर. जनावरांचा डॉक्टर नव्हे. म्हणून पुढे मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन विचारले. काही पुस्तके वाचली. त्यातून जे समजले, ते तुम्हाला सांगतो. तुमच्या घरी डुक्कर नसेल, शेळी असेल. तरी ऐका. वाटेचा शीण सगळ्याच मुक्या जिवांना होतो.

मुका जीव घाबरतो तेव्हा

तुम्ही पहिल्यांदा मोठ्या शहरात गेलात तो दिवस आठवा. गर्दी, आवाज, अनोळखी माणसे. छातीत धडधड झाली असेल. तोंडाला कोरड पडली असेल. कपाळावर घाम आला असेल. जनावराचेही तसेच होते. त्याने कधी गाडी पाहिलेली नसते. त्याला काठीने ढकलून वर चढवतात. खालची जमीन हलू लागते. शेजारी परके जनावर उभे असते.

भीती वाटली की शरीरात मूत्रपिंडाजवळच्या लहानशा ग्रंथीतून एक रस रक्तात उतरतो. त्याला ॲड्रेनालिन म्हणतात. हा रस शरीराला सांगतो, "पळ, नाहीतर लढ!" मग हृदय जोरात चालते. मांसात साठवलेली साखर भराभर जळू लागते. चुलीत काटक्या घातल्या की जाळ वाढतो, तशी अंगात उष्णता वाढते.

आता ही उष्णता बाहेर कशी पडायची? माणसाला घाम येतो आणि अंग निवते. डुकराला असा घाम जवळजवळ येतच नाही. म्हणून तर ते चिखलात लोळते. लोक म्हणतात, डुक्कर घाणेरडे. पण ते हौसेने लोळत नाही. ओल्या चिखलाने त्याचे अंग थंड होते. आपल्या घामाचे काम त्याचा चिखल करतो. गाडीत चिखल नसतो, वारा नसतो, वरून ताडपत्री असते. मग ते तोंड उघडून धापा टाकते. तेवढ्याने भागले नाही की हृदय थकते आणि जनावर मरते.

जनावर मेले नाही तरी तोटा होतोच. भ्यालेले आणि तापलेले डुक्कर तसेच कापले, तर मांसातल्या साखरेचे झपाट्याने आम्ल बनते. मांस फिकट, लिबलिबीत होते आणि त्यातून पाणी गळते. उलट लांबच्या वाटेने अगदी थकून गेलेल्या जनावराच्या मांसात साखर उरलेलीच नसते. ते मांस काळपट आणि चिकट होते, लवकर नासते. खाटीक हे नजरेने ओळखतो. पुढच्या खेपेला व्यापारी त्या मालकाला कमी भाव सांगतो.

पोट भरले म्हणून वजन भरत नाही

माझ्या विद्यार्थ्याने आदल्या रात्री पोटभर खाऊ घातले. आपल्याकडे पुष्कळ जण असेच करतात. वाटते की काट्यावर चार किलो जास्त भरतील. पण हिशेब उलटा पडतो.

एक तर खाल्लेले अन्न वाटेत शेण-मुतावाटे निघून जाते. ते काट्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसरे म्हणजे अन्न पचवतानाही अंगात उष्णता होते. आधीच तापलेल्या जनावराला ती जड जाते. तिसरे, भरलेले पोट छातीकडे दाबते. श्वास घ्यायला जागा कमी पडते. गाडी हलली की डुकराला माणसासारखी ओकारीही होते. खाली घाण होते, पाय घसरतात, जनावरे एकमेकांवर पडतात.

म्हणून जाणत्यांचा सल्ला असा : डुकराला गाडीत चढवण्याआधी निदान पाच तास खायला देऊ नये. पाणी मात्र शेवटपर्यंत समोर असावे. शेवटचे खाणे आणि कत्तल यांत बारा ते अठरा तासांचे अंतर चांगले. पण एका दिवसाहून जास्त उपाशी ठेवले, तर अंगातले मांस झिजू लागते.

आता हिशेब करू. समजा, नव्वद किलोची दहा डुकरे आहेत. एकूण वजन नऊशे किलो. समजा, भाव किलोला शंभर रुपये आहे. वाटेत शंभर किलोमागे चार किलो तूट आली, तर छत्तीस किलो गेले. म्हणजे तीन हजार सहाशे रुपये गेले. ही तूट थोडीफार येतेच. तिच्यातली थोडी जरी वाचवली तरी घरात पैसा येतो. पण एक जनावर वाटेत मेले, तर एका फटक्यात नऊ हजार गेले. चारशे रुपयांच्या पुडीचा हिशेब या आकड्यांशेजारी ठेवून पाहिला पाहिजे.

पुडीत असते तरी काय?

डॉक्टरांनी मला चार-पाच प्रकारच्या पुड्या दाखवल्या. नावे निरनिराळी. आतले जिन्नस मात्र बहुतेक तेच. ते एकेक समजून घेऊ.

पहिला जिन्नस साखर आणि क्षार. क्षार म्हणजे मिठाच्या जातीचे पदार्थ. जुलाब झालेल्या मुलाला आपण साखर-मिठाचे पाणी देतो ना, तेच हे. याची एक मोठी गोष्ट आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईच्या वेळी लाखो निर्वासित भारतात आले. बंगालमध्ये बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून लोकांना तोंडाने पाजले. पुष्कळांचे प्राण वाचले. यातले मर्म असे की साखर आणि मीठ जोडीने आतड्यात गेले, तर ते पाण्यालाही आपल्याबरोबर रक्तात ओढून नेतात. साखरेने थोडी ताकदही येते. प्रवासाआधी आणि प्रवासानंतर जनावराला असे पाणी मिळाले, तर सुकलेले अंग लवकर भरून येते. पण प्रमाण मोजूनच द्यावे लागते. त्याचे कारण पुढे सांगतो.

दुसरा जिन्नस मॅग्नेशियम. हे एक खनिज आहे. हिरव्या पानांत, डाळींत, कोंड्यात ते थोडे असते. ते मज्जातंतूंना आणि मांसाला शांत ठेवायला मदत करते. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात डुकरांना कत्तलीआधी पाच दिवस ते खुराकातून दिले. प्रयोगाची हकिकत १९९८ साली छापली गेली. ज्यांना मॅग्नेशियम दिले, त्यांच्या रक्तात भीतीचा रस कमी होता आणि मांसातून पाणीही कमी गळले. पण इतर ठिकाणी असेच प्रयोग झाले, तेव्हा सगळीकडे तसाच गुण आला नाही. शिवाय मॅग्नेशियम जास्त झाले की पातळ शेण होते. म्हणजे पाणी वाचवायला गेलो आणि पाणी घालवून बसलो.

तिसऱ्या जिनसाचे नाव थोडे अवघड आहे : ट्रिप्टोफॅन. प्रथिनाचा हा एक घटक आहे. यापासून मेंदूत मन शांत ठेवणारा एक पदार्थ तयार होतो. आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. मक्यात हा घटक फार थोडा असतो. आपल्या भागात मका पुष्कळ पिकतो आणि पुष्कळ जण जनावराला नुसता मक्याचा भरडा घालतात. सोयाबीनच्या पेंडीत हा घटक चांगला असतो. सोयाबीनही आपल्याकडेच पिकते. रोजच्या खुराकात मक्याबरोबर सोयाबीनची पेंड असली, तर अर्धे काम तिथेच झाले. नेहमीचे खाणे नीट नसेल आणि शेवटच्या दिवशी पुडी दिली, तर ते परीक्षेच्या रात्री अभ्यास केल्यासारखे होते. मी चाळीस वर्षे मुलांना हेच सांगत आलो.

चौथा जिन्नस जीवनसत्त्वे. आवळ्यात आणि लिंबात असते ते क जीवनसत्त्व. माणसाचे शरीर ते बनवू शकत नाही. डुक्कर आणि शेळी यांचे शरीर ते स्वतः बनवते. पण ऊन आणि शीण फार झाला की ते पुरेनासे होते. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात झारिया नावाचे शहर आहे. तिथेही आपल्यासारखाच कडक उन्हाळा असतो. तिथल्या पशुवैद्यांनी डुकरांना आणि शेळ्यांना गाडीत भरण्याआधी हे जीवनसत्त्व देऊन पाहिले. प्रवासाचा त्रास काही बाबतींत कमी दिसला. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम हेही पुड्यांत असतात. लोखंडाला गंज चढतो तशी शरीराच्या आतही झीज होते. ती हे दोन्ही रोखतात. पण ई जीवनसत्त्व पुष्कळ दिवस दिले तरच मांसात साठते. आणि सेलेनियम अगदी कणभर लागते. जास्त झाले तर तेच विष होते.

तुम्ही म्हणाल, गुण आला की नाही हे ओळखायचे कसे? शास्त्रज्ञ सारख्या वयाच्या, सारख्या वजनाच्या जनावरांचे दोन गट करतात. एका गटाला जिन्नस देतात, दुसऱ्याला देत नाहीत. बाकी गाडी तीच, वाट तीच, वेळ तीच. मग दोन्ही गटांची तुलना करतात. "मी पुडी दिली आणि जनावर नीट पोहोचले," एवढ्याने पुडी चांगली ठरत नाही. त्या दिवशी आभाळ आले असेल, म्हणूनही जनावर नीट पोहोचले असेल.

पुडीने जे होत नाही

जन्माचा दोष पुडीने जात नाही. परदेशात डुकरांच्या काही जाती फार मांसल केल्या गेल्या. बेल्जियमची पिएत्रां ही त्यांतली एक. या डुकरांत असे दिसले की नुसते भांडण झाले किंवा गाडीत चढवले तरी काही जनावरे ताठरून मरतात. १९९१ साली कॅनडातल्या टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी यामागचा वंशातला दोष शोधून काढला. आई-बाप दोघांकडून तो दोष आला की पिल्लाचे मांस भीतीने एकदम तापते. मग तिकडच्या लोकांनी रक्त तपासून अशी जनावरे पैदाशीतून काढून टाकली. आपल्याकडे संकरासाठी लार्ज व्हाईट यॉर्कशायर ही पांढरी जात वापरतात. तिच्यात हा दोष कमी आढळतो.

दाटीही पुडीने जात नाही. युरोपातल्या देशांत नियम आहे की शंभर किलोच्या डुकरांची दाटी एक चौरस मीटर जागेत २३५ किलोंहून जास्त होता कामा नये. म्हणजे एका जनावराला सुमारे साडेचार चौरस फूट. हवा गरम असेल तर यात पाचव्या हिश्शाइतकी आणखी जागा द्यावी असे तिथे म्हटले आहे. म्हणजे साडेपाच चौरस फूट. हा थंड देशांचा नियम. आपल्याकडच्या वैशाखात किती जागा लागेल, तुम्हीच विचार करा.

आणि उन्हात उभी गाडीही पुडीने गार होत नाही. चालत्या गाडीत वारा लागतो. गाडी थांबली की वारा थांबतो आणि जनावरांच्या अंगाची वाफ आतच कोंडते. त्या दिवशी फाट्यावर पाऊण तासात घात झाला तो यामुळे. वर बर्फाचे पाणी एकदम ओतले. तापलेल्या जनावराला तो धक्का सोसत नाही. साधे पाणी हळूहळू शिंपडावे, खालची फळी भिजवावी, सावली करावी, वारा येऊ द्यावा आणि जनावराला उठवायची घाई करू नये.

मिठाला हात आखडून

आता ही गोष्ट दोनदा वाचा. तहानलेल्या डुकराला मीठ हे विष आहे.

जोवर प्यायला भरपूर पाणी आहे, तोवर जास्तीचे मीठ मुतावाटे निघून जाते. पण पाणी बंद असेल आणि पोटात मीठ जात असेल, तर ते मीठ रक्तात आणि मेंदूत साचते. मग जनावर भिंतीला डोके टेकवते, गोल गोल फिरते, झटके देते. अशा जनावरापुढे घाईने पाण्याचे पिंप ठेवले, तर ते ढसाढसा पिते आणि मेंदूला सूज येऊन मरते. पाणी द्यायचेच, पण थोडे थोडे, अर्ध्या-अर्ध्या तासाने. आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचे.

क्षारांची पुडी कोरड्या कोंड्यात कालवून देऊ नये, ती याचसाठी. ती सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवून द्यावी आणि शेजारी साध्या पाण्याचे दुसरे भांडे ठेवावे. हॉटेलातले उरलेसुरले अन्न डुकरांना घालणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. त्यात लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ असतात. दुसरा धोकाही आहे. २०२० साली आसाम आणि अरुणाचल या भागांत आफ्रिकन स्वाईन फीव्हर हा डुकरांचा रोग आला आणि पुढे देशात पसरला. या रोगावर औषध नाही. डुकराच्या मांसाचे खरकटे आणि न धुतलेल्या गाड्या यांतून तो पसरतो. म्हणून गाडी आधी धुऊन घ्यावी आणि खरकटे घालू नये.

शेळीची गोष्ट वेगळी

ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी डुकराचे औषध शेळीला लावू नये. डुकराचे पोट आपल्यासारखे एक पोट आहे. शेळीच्या पोटाचे चार कप्पे आहेत. पहिला मोठा कप्पा म्हणजे आंबवणाची घागरच. त्यात असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवतात. बाजाराच्या आदल्या दिवशी वजनासाठी शेळीला पाटीभर ज्वारी किंवा मका घातला, तर घागरीत आम्ल होते, पोट फुगते आणि शेळी दगावते. गुळाचे पाणीही जास्त दिले तर हेच होते. आपली उस्मानाबादी शेळी काटक खरी, पण या चुकीपुढे तिचाही इलाज चालत नाही.

शेळीला जाण्याआधी तिच्या सवयीचा कोरडा चारा द्यावा. कडबा, तुरीचे भूस. पाणी पाजावे. ओला लुसलुशीत घास त्या दिवशी टाळावा, नाहीतर वाटेत हगवण लागते. पोहोचल्यावर आधी पाणी, मग कोरडा चारा, आणि धान्य दुसऱ्या दिवशी सवयीइतकेच.

निघण्याआधी काय करावे?

आठवडाभर आधी जनावरांना रोज थोडे फिरवावे. माणसाच्या हाताची आणि वाटेची सवय होते. त्याच वेळी डॉक्टरांना दाखवावे. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये असा कायदा १९६० साली झाला. त्याखाली वाहतुकीचे नियम १९७८ साली आले. २००१ साली त्यांत डुकरांच्या वाहतुकीचे नियम जोडले गेले. जनावर प्रवासाला धडधाकट आहे असा डॉक्टरांचा दाखला लागतो. आजारी किंवा विण्याच्या बेतात आलेले जनावर गाडीत घालू नये.

पुडी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, लिहिलेल्या दिवसापासून, लिहिलेल्या मापाने द्यावी. झोपेचे किंवा गुंगीचे औषध कधीही देऊ नये. गुंगीत जनावर तोल सांभाळत नाही, आणि औषधाचा अंश मांसातून खाणाऱ्याच्या पोटात जातो.

उन्हाळ्यात रात्रीच भरावे. रात्री दहाला भरायचे असेल तर दुपारी चारनंतर खाणे बंद, पाणी चालू. एकाच गोठ्यातली जनावरे एकत्र भरावीत. परकी एकत्र आली की भांडतात. चढण्याची फळी फार उभी नसावी. वर माती किंवा भुसा टाकावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. काठीने मारू नये. हातात एखादी रुंद फळी धरून मागून हळू सारावे. ताडपत्री वर असावी, बाजूंनी मोकळी. समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. २०२५ च्या जूनमध्ये त्याचा मुंबईकडचा शेवटचा टप्पाही खुला झाला. जालन्याहून मुंबई जवळ आली. वाट सरली म्हणून बरे वाटते. पण वाटेत चहाला गाडी उन्हात उभी केली तर वाचवलेला वेळ काय कामाचा?

पोहोचल्यावर जनावरांना सावलीत उतरवावे. थोडे थोडे पाणी द्यावे. दोन-तीन तास विसावा द्यावा. एवढ्यात छातीची धडधड उतरते.

पुढची खेप

माझा विद्यार्थी आता साक्षरता वर्गाला येतो. पहिल्या महिन्यात त्याने पाटी सोडून पुडीच घेतली. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्याने ती वाचली. "ती-न दि-व-स आ-धी." वाचून झाल्यावर बराच वेळ तो गप्प बसला.

पुढल्या खेपेला त्याने आठच जनावरे भरली. रात्री निघाला. दुपारपासून खाणे बंद ठेवले. पुडी तीन दिवस पाण्यातून दिली. बाजू मोकळ्या ठेवल्या. सकाळी फोन आला.

"गुर्जी, आठच्या आठ पोचले. एकाचंबी तोंड उघडं नव्हतं. पन मला सांगा, हे पुडीनं केलं का पाण्यानं?"

मी म्हणालो, "अरे, तू एकदम पाच गोष्टी बदलल्यास. आता कोणत्या एकीने काम केले ते कसे सांगणार? पण एवढे नक्की सांगतो. पुडीवाचून सावली, पाणी आणि मोकळी जागा कामाला येते. त्यांच्यावाचून पुडी येत नाही."

तो हसला. गटाचा एक हप्ता त्या खेपेतून फिटला. आणखी चार बाकी आहेत.

लक्षात ठेवा

१. भरण्याआधी निदान पाच तास डुकराला खाणे बंद. पाणी कधीच बंद नाही.
२. पुडी आधी वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. दिवस आणि माप पाळा.
३. क्षार नेहमी पाण्यातून. तहानलेल्या डुकराला मीठ नाही.
४. शेळीला आदल्या दिवशी जास्तीचे धान्य नाही.
५. भरलेली गाडी उन्हात उभी करू नका.

आपसांत बोला

१. डुक्कर चिखलात का लोळते?
२. तुमच्या घरच्या खुराकात नुसता मका आहे का? त्यात काय घालता येईल?
३. घरातली कोणतीही एक औषधाची पुडी किंवा बाटली वर्गात आणा आणि तिच्यावरचे माप सर्वांना वाचून दाखवा.